जपानी वाक्प्रचार शिका, पण मराठीच्या वाटेनं

जपानी भाषेची एन-फाइव्ह परीक्षा झाली, एन-फोर झाली, क्रियापदांची रूपं तोंडात बसली, कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरंही बऱ्यापैकी ओळखता यायला लागली. तरी समोरचा जपानी माणूस मोकळेपणानं बोलायला लागला की आपली गाडी अडते. शब्द सगळे ओळखीचे असतात. ‘आशि’ म्हणजे पाय आणि ‘देरु’ म्हणजे बाहेर येणं, हे पहिल्या वर्षीच शिकलेलं असतं. पण मिटिंगमध्ये कुणी ‘कोन्गेत्सु वा आशि गा देमाश्ता’ म्हणालं, तर ‘या महिन्यात पाय बाहेर आला’ याचं करायचं काय, ते कळत नाही. ठरवलेल्या रकमेपेक्षा खर्च जास्त झाला, एवढंच तो सांगत असतो.

या टप्प्यावर अडकलेल्यांसाठी हा लेख आहे. पुण्यात जुलै-डिसेंबरच्या जेएलपीटीची, म्हणजे याच जपानी परीक्षांची, तयारी करणारे बहुतेकजण जपानी शब्दांचे अर्थ इंग्रजीतून पाठ करतात, कारण हाताशी असलेली पुस्तकं तशीच असतात. व्याकरणापुरतं ते चालून जातं. ठराविक वाक्यं आणि वाक्प्रचार यांच्या बाबतीत मात्र हा वळसा महागात पडतो. मराठीतून गेलं तर वाट जवळची आहे, आणि ती कुठे कुठे जवळची आहे तेच पुढे दाखवतो. जपानी शब्द देवनागरीत लिहिताना दीर्घ ‘ओ’ आणि ‘ए’साठी ‘ऽ’ हे चिन्ह वापरलं आहे. दीर्घ उच्चार जपानीत अर्थ बदलतो, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करू नका.

पहिली पायरी: काय ऐकलं ते कुठल्या जातीचं, हे ओळखा

सरसकट सगळ्याला ‘इडियम’ म्हणून एकाच वहीत कोंबू नका. ‘आइसात्सु’ म्हणजे ठरलेल्या प्रसंगी म्हणायची ठरलेली वाक्यं. ती पहिल्या दिवसापासून बोलायची असतात. ‘कान्योऽकु’ म्हणजे वाक्प्रचार. ते आधी कानावर पडू द्यायचे आणि मग हळूहळू वापरायचे. ‘कोतोवाझा’ म्हणजे म्हणी. त्या बहुतांशी समजण्यापुरत्या लागतात. ‘योजिजुकुगो’ हे चार कांजींचे घट्ट बांधलेले शब्द, आपल्या सामासिक शब्दांसारखे. ते वर्तमानपत्रांत आणि भाषणांत जास्त भेटतात. मेहनत कुठे घालायची ते या क्रमानं ठरवा. म्हणींची मजा वाटते म्हणून नवशिके आधी म्हणींच्या मागे लागतात आणि ऑफिसातून इतरांच्या आधी निघतानाचं ‘ओसाकि नि’ कधी म्हणायचं ते राहून जातं.

दुसरी पायरी: आइसात्सुचा अर्थ सोडा, जागा पाठ करा

घरातून निघताना जपानी माणूस ‘इत्तेकिमास’ म्हणतो. इंग्रजी पुस्तक याचा अर्थ ‘मी जातो आणि परत येतो’ असा विचित्र करून देतं आणि विद्यार्थी गोंधळतो. मराठी माणसानं गोंधळायचं काहीच कारण नाही. आपणही दारात ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतो, किंवा ‘जाऊन येतो’. चुकून ‘जातो’ तोंडातून निघालं तर आजी लगेच टोकते, “जातो नाही, येतो म्हणावं.” ‘इत्ते’ म्हणजे जाऊन आणि ‘किमास’ म्हणजे येतो. जशीच्या तशी जोडी. घरात राहिलेला माणूस त्यावर ‘इत्तेराश्शाइ’ म्हणतो, म्हणजे ‘या जाऊन’. परत आल्यावर ‘तादाइमा’, आणि आतून उत्तर ‘ओकाएरि’.

इथे लक्षात ठेवायचं ते असं, की आइसात्सु बहुतेक वेळा जोडीनं येतात. एकाचं वाक्य, दुसऱ्याचं उत्तर. ‘तादाइमा’ एकटंच पाठ केलं तर ते अर्धंच शिकलं. शिवाय ज्याचं घर आहे तोच ते म्हणतो. पाहुणा दुसऱ्याच्या घरात शिरताना ‘ओजामा शिमास’ म्हणतो, म्हणजे ‘तुमच्या कामात व्यत्यय आणतोय’.

जेवणाचंही तसंच. सुरुवातीला ‘इतादाकिमास’. हे ‘इतादाकु’ या नम्र क्रियापदापासून आलं, अर्थ ‘मी स्वीकारतो’. जेवण झाल्यावर ‘गोचिसोऽसामा’ किंवा जरा नीट म्हणायचं तर ‘गोचिसोऽसामा देश्ता’. यातल्या ‘चिसोऽ’ची कांजी धावपळीची आहे. पाहुण्यासाठी जेवण जमवायला जो धावला, त्याच्या कष्टांची ही पावती. पंगतीत आपण ‘वदनी कवळ घेता’ म्हणून सुरुवात करतो आणि ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणून उठतो, ते डोळ्यांसमोर आणलं की दोन्हींची जागा पक्की बसते. फरक इतकाच की जपानी माणूस एकटा जेवतानाही ‘इतादाकिमास’ पुटपुटतो, आणि साध्या हॉटेलातून बाहेर पडताना गल्ल्यावरच्या माणसालाही ‘गोचिसोऽसामा’ म्हणतो. तुम्ही जपानला गेलात तर हे जरूर म्हणा. स्वयंपाकघरातून लगेच उत्तर येतं.

भेटवस्तू देताना जुन्या वळणाची माणसं ‘त्सुमारानाइ मोनो देस गा’ म्हणतात, म्हणजे ‘काही विशेष नाही, पण…’. पुढचं वाक्य मुद्दाम अर्धवट सोडलेलं असतं. ‘गरिबाघरची भाजी-भाकरी गोड मानून घ्या’ म्हणत पाच पदार्थ वाढणाऱ्या घरांत जो वाढला, त्याला हे समजावून सांगायला नको. हल्ली बरेच लोक त्याऐवजी ‘ओकुचि नि आउ तो उरेशिइ देस’ म्हणतात, म्हणजे ‘तुम्हाला आवडलं तर बरं वाटेल’. नवख्यांनी हेच वापरावं. ते कुठेही शोभतं.

‘कसे आहात?’ला ‘ओकागेसामा दे’ हे उत्तर म्हणजे आपलं ‘तुमच्या आशीर्वादानं बरं आहे’. आजारी माणसाला निरोप देताना ‘ओदाइजि नि’. औषधाच्या दुकानातही पिशवी हातात देताना तुम्हाला हेच ऐकू येईल. ‘सुमिमासेन’ तीन कामं करतं. धक्का लागला तर माफी, कुणी पडलेली छत्री उचलून दिली तर आभार, आणि हॉटेलात वेटरला हाक. कुठलं काम चाललंय ते प्रसंगावरून कळतं, शब्दावरून कळत नाही.

तिसरी पायरी: ऑफिसातली वाक्यं दर्जा पाहून वापरा

आयटीत किंवा जपानी कंपनीत काम करणाऱ्यांचं रोजचं पोट या वाक्यांवर चालतं, म्हणून इथे जरा थांबू या.

‘ओत्सुकारेसामा देस’ हे ऑफिसात सगळीकडे ऐकू येतं. जिन्यात भेटल्यावर, फोन उचलल्यावर, काम संपल्यावर, कंपनीतल्या कंपनीत पाठवलेल्या ईमेलच्या पहिल्या ओळीत. शब्दशः ‘दमलात’ असा काहीसा भाव आहे, पण सकाळी अकराला कुणी म्हणालं तर ‘मी कुठे दमलोय?’ असं मनात आणू नका. उत्तरही ‘ओत्सुकारेसामा देस’ हेच. याचा भाऊ ‘गोकुरोऽसामा’. तो मात्र वरच्यानं खालच्याला म्हणायचा. साहेबांना ‘गोकुरोऽसामा देस’ म्हणालात तर ते बहुधा काही बोलणार नाहीत, पण त्यांना खटकेल. तुमच्याहून कनिष्ठ कुणी नसेल तर हा शब्द फक्त ऐकण्यासाठी ठेवा.

बाहेरच्या माणसाला, म्हणजे ग्राहकाला किंवा दुसऱ्या कंपनीला लिहिताना ‘इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमास’ने सुरुवात होते. ‘ओसेवा’ हा शब्द आपल्या ‘सेवे’सारखा ऐकू येतो आणि मराठी माणसाला वाटतं, ‘आम्ही तुमच्या सेवेत आहोत’. अर्थ नेमका उलटा आहे. ‘तुम्ही आमची काळजी घेता, तुमच्या आधारावर आमचं चालतं’ असं ते म्हणणं. ‘सेवा’ डोक्यातून काढून टाका. आधी कधीच संपर्क आला नसेल तर हे वाक्य चालत नाही. तिथे ‘हाजिमेते गोरेन्राकु इताशिमास’, म्हणजे ‘पहिल्यांदाच संपर्क करतोय’.

काम सांगितलं आणि ‘ठीक आहे, करतो’ म्हणायचं तर सहकाऱ्याला ‘र्‍योऽकाइ देस’ चालतं. साहेबांना किंवा ग्राहकाला ‘शोऽचि शिमाश्ता’ किंवा ‘काशिकोमारिमाश्ता’ म्हणावं. इतरांच्या आधी निघताना ‘ओसाकि नि शित्सुरेऽ शिमास’, म्हणजे ‘तुमच्या आधी निघतो, राग नसावा’. मागे राहिलेले त्यावर ‘ओत्सुकारेसामा देश्ता’ म्हणतात.

आणि नकार. जपानी नकार बहुधा ‘नाही’ या शब्दावाचूनच येतो. ‘मुझुकाशिइ देस ने’ म्हणजे ‘अवघड आहे हो’. ‘केन्तोऽ शिमास’ म्हणजे ‘विचार करू’. ‘चोत्तो…’ म्हणून वाक्य हवेत सोडलेलं असतं. इंग्रजीतून अनुवाद करणाऱ्याला ‘अवघड आहे’ हे सोडवायचं गणित वाटतं आणि तो उपाय सुचवायला लागतो. मराठीत विचार करा. शेजाऱ्यांनी लग्नाला बोलावलं आणि तुम्ही ‘जमलं तर नक्की येतो’ म्हणालात, तर त्यांना काय कळायचं ते कळतं. जपानीतही ‘इकेतारा इकु’ हे वाक्य आहे, ‘जमलं तर येतो’, आणि तिथेही ते म्हणणारा बहुतेक वेळा येत नाही.

चौथी पायरी: ‘भूक लागली’चा फायदा घ्या

मराठी शिकणाऱ्याला आयतं मिळालेलं हे धन आहे आणि बहुतेक वर्गांत त्याचा उल्लेखही होत नाही. ‘मला भूक लागलीय’ला जपानीत ‘ओनाका गा सुइता’ म्हणतात. ‘सुइता’ हा भूतकाळ आहे. पोट रिकामं झालं. ‘नोदो गा कावाइता’, घसा कोरडा पडला, म्हणजे तहान लागली. ‘त्सुकारेता’ म्हणजे दमलो. ‘वाकात्ता’ म्हणजे कळलं. ‘कोमात्ता’ म्हणजे पंचाईत झाली. इंग्रजी या सगळ्यांना वर्तमानकाळात ठेवते, त्यामुळे इंग्रजीतून जाणाऱ्याला हा भूतकाळ का, असा प्रश्न पडतो. आपल्याला पडायलाच नको. ‘भूक लागली’, ‘दमलो’, ‘कळलं’ हे आपणही त्याच क्षणी भूतकाळातच बोलतो. गोष्ट घडून गेली आणि तिचा परिणाम आता अंगावर आहे, असं बघण्याची सवय दोन्ही भाषांना आहे.

रागाचंही तेच. ‘आतामा नि कुरु’, शब्दशः ‘डोक्याकडे येणं’, म्हणजे चीड येणं. आपण ‘तो माणूस माझ्या डोक्यात जातो’ म्हणतो तेच हे. पण आत्ता, या क्षणी चिडलेला माणूस ‘आतामा नि किता!’ म्हणतो, भूतकाळात, जसं आपण ‘डोकंच फिरलं माझं!’ म्हणतो.

पाचवी पायरी: वाक्प्रचार प्रत्ययासकट उचला

जपानी वाक्प्रचारांत शरीर भरलेलं आहे. डोळे, कान, नाक, तोंड, मान, पोट, हात, पाय. मराठीतही तसंच आहे, म्हणून काही ठिकाणी थेट गाठ पडते. ‘हारा ओ काकाएते वाराउ’ म्हणजे पोट धरून हसणं. ‘कुचि गा सुबेरु’, तोंड घसरणं, म्हणजे आपली जीभ घसरणं. ‘काओ नि दोरो ओ नुरु’, चेहऱ्याला चिखल फासणं. आपण तोंडाला काळं फासतो. ‘ओतेआगे’, हात वर करणं, हार मानणं. ‘शिरि नि हि गा त्सुकु’, म्हणजे बुडाला आग लागणं. आणि सुरुवातीचा ‘आशि गा देरु’ लक्षात ठेवायला ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ आठवा. पाय अंथरुणाबाहेर गेला. ती काही त्याची व्युत्पत्ती नव्हे, लक्षात ठेवायची युक्ती आहे.

पण जिथे गाठ पडते तिथेच घाई करायची नाही. ‘आशि ओ हिप्पारु’ घ्या, पाय ओढणं. मराठीत कुणी वर जायला लागलं की मुद्दाम त्याला खाली खेचणं म्हणजे पाय ओढणं. जपानीतही तो अर्थ आहे. पण तिथे नकळत दुसऱ्यांच्या कामात अडथळा होणं हेही त्यात येतं, म्हणून माणूस ते स्वतःबद्दल बोलू शकतो. टीममध्ये माझ्यामुळे उशीर झाला तर मी म्हणेन, ‘मिन्ना नो आशि ओ हिप्पात्ते शिमात्ते, मोऽशिवाके आरिमासेन’. मराठीत ‘मी सगळ्यांचे पाय ओढले, माफ करा’ असं कुणी म्हणणार नाही. आणि इंग्रजीत पाय ओढणं म्हणजे थट्टा करणं, ते तर याच्या आसपासही नाही.

काही ठिकाणी मराठी सरळ दगा देते. ‘आशि ओ आराउ’, पाय धुणं. आपल्याकडे पाय धुणं म्हणजे पाहुण्याचा, साधूचा मान. जपानीत वाईट धंदा किंवा वाईट संगत सोडून सरळ मार्गाला लागणं. ‘मे गा नाइ’, डोळे नाहीत, म्हणजे एखाद्या गोष्टीसाठी जीव टाकणं. ‘आमाइ मोनो नि मे गा नाइ’ म्हणणाऱ्याला गोड दिसलं की राहवत नाही. ‘काओ गा हिरोइ’, चेहरा रुंद, म्हणजे ओळखीपाळखी दांडग्या. ‘कुबि नि नारु’, मान होणं, म्हणजे नोकरी जाणं. ‘हाना गा ताकाइ’ म्हणजे नाक उंच. इथे ताठा असतोच असं नाही. पोरगा चांगल्या कॉलेजात लागल्यावर आईला वाटतो तो अभिमानही यात बसतो.

म्हणून वहीत लिहिताना पूर्ण वाक्प्रचार लिहा, ‘गा’, ‘ओ’, ‘नि’ या प्रत्ययांसकट. शेजारी तो कोण कुणाला म्हणतो, कुठल्या प्रसंगी, स्वतःबद्दल चालतो का, साहेबांपुढे चालतो का, हे टिपा. त्याखाली जवळचा मराठी वाक्प्रचार आणि तो कुठे सुटतो ते एका ओळीत. शेवटी कानावर आलेलं किंवा वाचलेलं एक खरं वाक्य. मनानं रचलेलं नको. एवढं भरायला प्रत्येकाला पाच-दहा मिनिटं लागतात, पण असे थोडे झाले तरी शंभर नुसत्या अर्थांपेक्षा जास्त कामी येतात. मधले शब्द बदलू नका, विशेषणं घुसवू नका. ‘पोटात कावळे ओरडतात’ऐवजी ‘पोटात चिमण्या ओरडतात’ म्हणालं तर जसं हसू येईल, तसंच तिथेही येतं.

सहावी पायरी: ‘कि’ हा एक शब्द धरून बसा

वेळ कमी असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि ‘कि’चे वाक्प्रचार शिका. रोजच्या बोलण्यात ते इतके येतात की त्यांच्यावाचून जपानी माणसाचं पान हलत नाही. कोशात ‘कि’चे डझनभर अर्थ सापडतील. त्यांच्यात अडकू नका, आपलं ‘मन’ घ्या. सगळीकडे नाही, पण बऱ्याच ठिकाणी कुलूप उघडतं.

‘कि नि इरु’ म्हणजे मनात भरणं, पसंत पडणं. ‘कि गा आउ’, मनं जुळणं. ‘कि गा ओमोइ’, मन जड होणं. ‘कि गा सुसुमानाइ’, मन होत नाही. आता प्रत्यय आणि क्रियापदाची गंमत बघा. ‘कि नि नारु’ म्हणजे एखादी गोष्ट आपोआप मनात घोळत राहणं. दार नीट लावलं का, याची रुखरुख. किंवा ती नवी मालिका कशी असेल, याची उत्सुकता. ‘कि नि सुरु’ म्हणजे आपण ती मनावर घेणं. एक ‘होणं’, एक ‘करणं’. मराठीत ‘मनाला लागणं’ आणि ‘मनावर घेणं’ यांत असाच फरक आहे. म्हणूनच कुणी चुकून तुमचा चहा सांडला आणि अजिजीनं माफी मागायला लागला, तर ‘कि नि शिनाइदे कुदासाइ’ म्हणा. ‘मनावर घेऊ नका’, अक्षरशः तेच.

पुढची जोडी ‘कि गा त्सुकु’, म्हणजे लक्षात येणं, आणि ‘कि ओ त्सुकेरु’, म्हणजे जपणं, काळजी घेणं. पहिल्यात लक्ष आपसूक जातं, दुसऱ्यात आपण ते लावतो. ‘लक्ष गेलं’ आणि ‘लक्ष दिलं’. निरोपाचं ‘कि ओ त्सुकेते’ म्हणजे आपलं ‘नीट जा, जपून’.

जिथे ‘मन’ चालत नाही ती ठिकाणं वेगळ्या पानावर लिहा. ‘कि ओ उशिनाउ’, शब्दशः ‘कि’ हरवणं, म्हणजे शुद्ध हरपणं. ‘कि गा मिजिकाइ’, ‘कि’ आखूड, म्हणजे शीघ्रकोपी. ‘कि गा चिइसाइ’, ‘कि’ लहान, म्हणजे भित्रा. लहान मनाचा, कोता, असा आपल्याकडचा अर्थ घेतलात तर एखाद्या गरीब स्वभावाच्या माणसावर अन्याय कराल.

ध्वनिशब्द: यांना बालिश समजू नका

जपानीत ‘दोकि-दोकि’ म्हणजे छातीतली धडधड, ‘गोरो-गोरो’ म्हणजे ढगांचा गडगडाट आणि घरात लोळत पडणंही. ‘शितो-शितो’ म्हणजे हलका, संथ पाऊस आणि ‘झाऽझाऽ’ म्हणजे धो-धो. ‘पेरा-पेरा’ म्हणजे अस्खलित, घडाघडा. इंग्रजीत अशा शब्दांना लहान मुलांची भाषा समजतात, म्हणून पुस्तकं ते शेवटी ढकलतात. मराठीत ‘रिमझिम’, ‘लुकलुक’, ‘कुरकुर’ हे मोठ्यांचे शब्द आहेत, तसेच तिथेही आहेत. डॉक्टरकडे तर यांच्यावाचून अडतं. डोकं ‘गान्-गान्’ करतंय म्हणजे घण घातल्यासारखं, ‘झुकि-झुकि’ म्हणजे ठणकतंय. पोट ‘किरि-किरि’ म्हणजे कळा येताहेत, ‘शिकु-शिकु’ म्हणजे मंद, सतत दुखतंय. जपानला राहायला जाणार असाल तर हे चार शब्द विमानात बसण्याआधी पाठ हवेत.

सातवी पायरी: म्हणी समजून घ्या, फेकू नका

म्हणींत आपल्याला परके वाटावं असं फार थोडं आहे. ‘तोऽदाइ मोतो कुराशि’ म्हणजे दिव्याखाली अंधार. इथला ‘तोऽदाइ’ म्हणजे जुन्या काळची समई ठेवायचा दिवठाण. त्याच उच्चाराचं समुद्रावरचं दीपगृह नव्हे. ‘उमा नो मिमि नि नेन्बुत्सु’, घोड्याच्या कानात बुद्धाचं नामस्मरण. आपल्याकडे गाढवापुढे गीता वाचतात आणि ते म्हणतं, कालचा गोंधळ बरा होता. ‘नाकित्सुरा नि हाचि’, रडक्या तोंडावर मधमाशीचा डंख, हा दुष्काळात तेरावा महिना. ‘चिरि मो त्सुमोरेबा यामा तो नारु’, धूळ साठून डोंगर होतो. आपलं तळं थेंबांनी भरतं. ‘काबे नि मिमि आरि’, भिंतीला कान असतात. योजिजुकुगोंतही ‘जूनिन तोइरो’, दहा माणसं दहा रंग, हे व्यक्ती तितक्या प्रकृतींच्या शेजारी बसतं, आणि ‘जिगोऽ जितोकु’ हे बौद्ध धर्मातून आलेलं ‘करावे तसे भरावे’.

त्रास होतो तो म्हण अर्धी तोडल्यामुळे. ‘नाचता येईना…’ म्हणून आपण थांबतो, पुढचं ‘अंगण वाकडं’ सगळ्यांना ठाऊक असतं. जपानी माणूसही ‘इ नो नाका नो कावाझु’, विहिरीतला बेडूक, एवढंच म्हणून सोडतो. ‘मोठा समुद्र त्याला ठाऊक नाही’ हे पुढचं तुम्ही भरायचं. हे कूपमंडूक चीनमधल्या च्वांग-त्स या प्राचीन तत्त्वज्ञाच्या ग्रंथातून जपानला पोचलं. म्हणून म्हण नेहमी पूर्ण पाठ करा आणि तिचा पहिला तुकडा ऐकताच उरलेली आठवते का, ते तपासा.

त्यासाठी ‘इरोहा कारुता’ हा पत्त्यांचा जुना खेळ फार उपयोगी आहे. काना, म्हणजे जपानी उच्चारलिपीतल्या प्रत्येक अक्षरानं सुरू होणारी एक म्हण एका पत्त्यावर, तिचं चित्र दुसऱ्यावर. एकानं म्हण वाचायची, बाकीच्यांनी चित्र हिसकवायचं. नव्या वर्षाच्या सुट्टीत घरोघरी हा खेळायची पद्धत आहे. एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या संचात पहिली म्हण ‘इनु मो आरुकेबा बोऽ नि आतारु’, कुत्रा चालला तर काठीला आदळतो. कामिगाता भागातल्या, म्हणजे क्योतो-ओसाकाकडच्या संचांत ‘इ’ला दुसरीच म्हण, ‘इस्सुन साकि वा यामि’, एका इंचापुढेही अंधार. चार मित्र एन-थ्रीची तयारी करत असाल तर हा संच स्वतः बनवा. चित्रं काढता काढताच निम्म्या म्हणी पाठ होतात.

दुसरं साधन म्हणजे जपानी प्राथमिक शाळेतली पुस्तकं. तिथल्या अभ्यासक्रमात म्हणी आणि वाक्प्रचार तिसरी-चौथीत शिकवतात, त्यामुळे या वयाच्या मुलांसाठी चित्रांची, प्रत्येक कांजीवर फुरिगाना, म्हणजे उच्चार दाखवणारी बारीक अक्षरं, दिलेली भरपूर पुस्तकं निघतात. मोठ्यांचा जाड कोश घेण्याआधी असं एक पुस्तक मिळवा. त्यातली उदाहरणं शाळेतल्या भांडणांची, क्रिकेटच्या जागी बेसबॉलची असतात, आणि नवशिक्याला तेवढीच भाषा झेपते.

वापर मात्र बेतानं करा. बोलताना दर दोन वाक्यांना म्हण टाकणारा तरुण परदेशी माणूस जपानी कानांना पुस्तकी वाटतो. एक हक्काची जागा आहे. नोकरीच्या मुलाखतीत कधी कधी ‘झायू नो मेऽ’ विचारतात, म्हणजे तुमचं आवडतं बोधवाक्य. तिथे ‘नानाकोरोबि याओकि’, सात वेळा पडून आठ वेळा उठणं, किंवा ‘इशि नो उए नि मो सान्नेन’, थंड दगडावरही तीन वर्षं बसलं तर तो ऊबदार होतो, यांतलं एक सांगा आणि ते तुम्हाला स्वतःला कसं लागू पडतं ते दोन वाक्यांत बोलायची तयारी ठेवा.

शेवटची पायरी: विचारायचं कसं

अर्थ चुकला म्हणून खट्टू होऊ नका. जपानी सरकारचं सांस्कृतिक व्यवहार खातं, ‘बुन्काचोऽ’, दरवर्षी भाषेबद्दल लोकमताची पाहणी करतं आणि त्यात वाक्प्रचारांचे अर्थही विचारतं. ‘नासाके वा हितो नो तामे नाराझु’ म्हणजे ‘दया दुसऱ्यासाठी नसते’. खरा अर्थ, केलेलं भलं फिरून आपल्याकडेच येतं. २०१०-११च्या पाहणीत हा अर्थ सांगणारे आणि ‘दया केल्यानं त्या माणसाचं नुकसानच होतं’ असा उलटा अर्थ सांगणारे, दोन्ही ४५ टक्क्यांच्या आसपास होते. ‘कि गा ओकेनाइ’ या वाक्प्रचाराचंही तेच. ज्याच्यापुढे आडपडदा ठेवावा लागत नाही असा जिवलग, हा मूळ अर्थ. बरेच जपानी लोक ‘ज्याच्यावर विसंबता येत नाही’ असा घेतात. असे शब्द ऐकलेत तर बोलणाऱ्याला कुठला अर्थ हवा आहे ते आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरवा, आणि स्वतः ते वापरायचे टाळा.

विचारण्यासाठी मिटिंगच्या मध्येच हात वर करू नका. ऐकलेला वाक्प्रचार कानात राहिला तेवढा कागदावर उतरवा आणि नंतर, चहाच्या वेळी, सहकाऱ्याला दाखवा. ‘कोरे वा दोऽ इउ इमि देस का?’, याचा अर्थ काय, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. दुसरा प्रश्न त्याहून मोलाचा: ‘ओक्याकुसामा नि त्सुकात्ते मो दाइजोऽबु देस का?’, हे ग्राहकाशी बोलताना वापरलं तर चालेल का? या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘उऽन…’ असा लांब सूर आधी येतो. तो ऐकला की तो वाक्प्रचार सध्या फक्त समजण्याच्या पानावर ठेवा.